व्याज आणि बट्टा : अप्पासाहेब पटवर्धन यांचा अर्थविचार

नांदगावहून महामार्गाने दक्षिणेकडे निघाल्यावर कणकवलीलगत वागदे येथे गोपुरी आश्रम लागतो. सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन यांनी इ. स. १९४८ मध्ये त्याची स्थापना केली. शिरोड्याचा १९३० चा मिठाचा सत्याग्रह, रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मिळावे म्हणून १९३२ साली त्यांनी धरलेला आग्रह आणि त्यांना पाठिंबा म्हणून महात्माजींनी येरवड्यात केलेले उपोषण, हा इतिहास कोकणात सुपरिचित आहे. ‘कोकणचे गांधी’ या उपाधीमागे मात्र एक स्वतंत्र अर्थचिंतक झाकला गेला. त्यांच्या ‘व्याज-बट्टा’ या विचाराचे स्मरण आज क्वचितच होते.

व्याज म्हणजे धनकोला मिळणारी वाढ, बट्टा म्हणजे घट. सृष्टीतील प्रत्येक वस्तू झिजते, तर पैशाने तेवढे वाढतच का जावे, हा या विचाराचा गाभा होय. कणगीतल्या भाताला टोका लागतो, मासळी दुसऱ्या दिवशी विकत नाही, आंब्याला तर आठवडाही पुष्कळ झाला. माल विकणाऱ्याला घाई असते, पैसा बाळगणाऱ्याला नसते. आणि या न झालेल्या घाईचीच किंमत तो व्याजरूपाने वसूल करतो. द. सा. द. शे. ८ दराने चक्रवाढीने ठेवलेले शंभर रुपये नऊ वर्षांत दुप्पट होतात. नऊ वर्षे ठेवलेल्या भाताचे काय होईल, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. म्हणून पैशालाही बट्टा लागावा, म्हणजे तो साठून न राहता श्रमाकडे वळेल, असे या विचाराचे प्रतिपादन आहे.

श्रावकाच्या अणुव्रतांत परिग्रहपरिमाण आहे, हे येथे सहज आठवते. परंतु दोहोंत भेद आहे. व्रत संग्रहाची मर्यादा व्यक्तीच्या संयमावर सोपविते. बट्टा ती चलनाच्या नियमानेच घालू पाहतो.

असा विचार जगात अन्यत्रही झाला होता. सिल्व्हिओ गेझेल या जर्मन व्यापाऱ्याने १९१६ च्या आपल्या ग्रंथात झिजणाऱ्या पैशाची योजना मांडली. पुढे जागतिक मंदीत ऑस्ट्रियातील व्योर्गल या छोट्या गावी नगराध्यक्ष मिखाएल उंटरगुगेनबर्गर यांनी जुलै १९३२ मध्ये ती प्रत्यक्षात आणली. नगरपालिकेने स्वतःच्या नोटा काढल्या. प्रत्येक नोटेवर दरमहा एक टक्का किमतीचे तिकीट चिकटवावे लागे, अन्यथा ती चालत नसे. साहजिकच नोट हातात ठेवण्यास कोणी तयार होईना. थकलेले कर भरले गेले, रस्ते दुरुस्त झाले, बेकारांना काम मिळाले. ऑस्ट्रियाच्या मध्यवर्ती बँकेने मात्र हरकत घेतली आणि सप्टेंबर १९३३ मध्ये प्रयोग थांबला. केन्स यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने १९३६ च्या ग्रंथात गेझेलची आदराने दखल घेतली, तरी पुस्तकी अर्थशास्त्राने त्यास परसदारीच ठेवले.

नियतीचा विनोद असा की, तोच बट्टा पुढे बँकांच्या मुख्य दाराने आत आला. २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स कोसळल्यावर आलेल्या संकटातून सावरण्यासाठी युरोपीय मध्यवर्ती बँकेने जून २०१४ मध्ये व्याजदर शून्याखाली नेला. जपानने २०१६ मध्ये तेच केले. बँकांनी मध्यवर्ती बँकेत पैसे ठेवले, तर व्याज मिळण्याऐवजी त्यांनाच भुर्दंड! पण व्योर्गलचे फळ येथे दिसले नाही. पैसा रोजगाराकडे वळण्यापेक्षा शेअर्स आणि घरांकडे वळला, किमती चढल्या, आणि ज्यांच्याजवळ मालमत्ता होती तेच अधिक संपन्न झाले. गेझेलने हा धोका जाणून जमीनही समाजाच्या मालकीची असावी असे म्हटले होते. बँकांनी त्याच्या औषधाची एकच मात्रा घेतली, पथ्य सोडून दिले.

अप्पासाहेबांच्या विचारापुढील खरी अडचण वेगळी आहे. सावकाराच्या तिजोरीला बट्टा लावणे न्याय्य वाटेल. पण निवृत्त शिक्षकाची पुंजी, मुंबईच्या गिरणीत राबून चाकरमान्याने गावी पाठविलेली शिल्लक, यांनाही तोच नियम लागू करावयाचा काय? वाचनालये, पाठशाळा, धर्मादाय दवाखाने ज्या कायम निधीच्या व्याजावर चालतात, त्यांनी काय करावे? व्याजाने शोषण होते तसे व्याजाने वार्धक्यही निभते. हा गुंता कोणत्याही प्रयोगाने सोडविलेला नाही. महागाई भडकताच युरोपने जुलै २०२२ मध्ये ऋण व्याजदर सोडला, जपानने मार्च २०२४ मध्ये. अप्पासाहेब १० मार्च १९७१ रोजी निवर्तले. बँकांनी व्याजाऐवजी बट्टा घेतल्याचे पाहणे त्यांच्या वाट्यास आले नाही.