‘हरितद्रव्या’चे ग्रीक भावंड

वनस्पती सूर्यप्रकाश पकडून त्याची ऊर्जा पिष्टाच्या रूपाने साठवतात, या शोधाचे टप्पे सर्वपरिचित आहेत: पुदिन्याची डहाळी बिघडलेली हवा पुन्हा सुधारते हे प्रीस्टली यांनी 1771 साली पाहिले, त्यासाठी उजेड लागतो हे इंगेनहाउझ यांनी 1779 साली सिद्ध केले आणि पुढे सेनेबिए व द सोस्यूर यांनी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याचा हिशेब लावला. या क्रियेशी निगडित शब्दांची कुळकथा मात्र फारशी सांगितली जात नाही, आणि ती पानाच्या रंगापासूनच सुरू होते.

पेलतिए आणि कावांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी 1817 साली पानांतील हिरवा पदार्थ वेगळा काढला आणि ‘ख्लोरोस’ म्हणजे हिरवट-पिवळा व ‘फिलॉन’ म्हणजे पान हे दोन ग्रीक शब्द जोडून त्याला ‘क्लोरोफिल’ हे नाव दिले. मराठीत त्याचे ‘हरितद्रव्य’ झाले. भाषांतरकाराने केवळ अर्थ पाहिला असणार, पण त्याच्या हाती नेमके ‘ख्लोरोस’चे भावंडच लागले, कारण ‘हरित’ आणि ‘ख्लोरोस’ हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन धातूपासून निघालेले आहेत. संस्कृतातल्या ‘ह’समोर ग्रीकमध्ये ‘ख’ उभा असल्याची उदाहरणे थोडी नाहीत: ‘हंस’ तिकडे ‘खेन’ आहे आणि ‘हिमा’चा नातलग ‘खिओन’ म्हणजे बर्फ. ‘र’ आणि ‘ल’ यांची अदलाबदलही नवी नाही, कारण कीर्ती या अर्थाचा संस्कृत ‘श्रवस्’ ग्रीकमध्ये ‘क्लेओस’ होतो.

यावर असा आक्षेप घेता येईल की, इंद्राचे घोडे ‘हरि’ म्हणजे पिंगट आहेत आणि होमरच्या काव्यात मध व भीती ही दोन्ही ‘ख्लोरोस’ आहेत, तेव्हा हे शब्द हिरव्या रंगाचे मानावेत कसे? परंतु हा आक्षेप नात्याच्या विरोधात नसून बाजूनेच साक्ष देतो, कारण दोन्ही भाषांत हा शब्द पिवळ्या आणि हिरव्या रंगांच्या मधल्या पट्ट्यात सारखाच भटकतो. ‘हरिद्रा’ म्हणजे हळद आणि ‘हिरण्य’ म्हणजे सोने ही त्याच कुळातली पिवळी शाखा होय. पानालाही ही संदिग्धता मान्य असावी, कारण त्यातील पिवळी कॅरोटिनॉइड द्रव्ये हिरव्या रंगाखाली आधीपासूनच दडलेली असतात आणि हरितद्रव्य विघटित झाले की पिकल्या पानातून ती वर दिसू लागतात.

‘प्रकाशसंश्लेषणा’ची गोष्ट याच्या उलट आहे. उजेडातल्या पानाच्या हरितकणांत पिष्ट तयार होते हे युलिउस झाक्स यांनी 1860च्या दशकात दाखवले. काळ्या कागदाची पट्टी लावून उन्हात ठेवलेले पान गरम अल्कोहोलमध्ये घालून रंगहीन केले आणि त्यावर आयोडीन टाकले, की उघडा भाग निळा-काळा होतो व पट्टीखालचा तसाच फिकट राहतो, हा शालेय प्रयोग त्याच परंपरेतला आहे. त्या काळी या क्रियेला ‘सात्मीकरण’ या अर्थाचा शब्द वापरीत. पण खाल्लेले अन्न अंगी लागण्यालाही प्राणिशास्त्रात तोच शब्द असल्याने गोंधळ होई. तो टाळण्यासाठी अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स बार्न्स यांनी 1893 साली ‘फोटोसिंटॅक्स’ आणि ‘फोटोसिंथेसिस’ असे दोन शब्द सुचवले. त्यांना स्वतःला पहिला अधिक पसंत होता, पण रूढ झाला दुसरा. ‘सिंटॅक्स’ म्हणजे मांडणी, व्याकरणातली वाक्यरचना. तो शब्द टिकला असता तर मराठी विद्यार्थ्याच्या वाट्याला कदाचित ‘प्रकाशरचना’ आली असती.

‘सिंथेसिस’मधील ‘थेसिस’ हा ‘ठेवणे’ या अर्थाच्या ‘तिथेमि’ या क्रियापदापासून आला असून तो संस्कृत ‘दधाति’चा निःसंशय सगोत्र आहे. म्हणजे ‘संधी’, ‘संधान’, ‘संहिता’ हे ‘धा’ धातूचे शब्द घरात असताना मराठीने ‘चिकटणे’ या अर्थाचा ‘श्लिष्’ पत्करला. हिंदीतही हाच शब्द असल्यामुळे तो अखिल भारतीय परिभाषेच्या आग्रहातून आला असे म्हणता येईल, पण त्याने शब्दाच्या प्रसाराचा उलगडा होतो, निवडीचा नव्हे. खरे कारण बहुधा ‘विश्लेषण’ हे असावे. ‘ॲनालिसिस’ला तो प्रतिशब्द मिळाला, की त्याच्या जोडीला ‘संश्लेषण’ येणे क्रमप्राप्तच होते. ‘संधाना’ला असा जोडीदार नव्हता, आणि शिवाय त्याच्यावर धनुष्याला बाण लावण्याचा अर्थ आधीच चढलेला होता. ‘फोटो’च्या बाबतीत तर मराठीने एकवाक्यता ठेवलीच नाही, कारण पानात तो ‘प्रकाश’ झाला आणि कॅमेऱ्यात ‘छाया’.

या जोडीतल्या ‘विश्लेषणा’ला मात्र पानाच्या आतही जागा आहे. हरितकणात प्रकाशाने साधणारे पहिले मोठे काम जोडण्याचे नसून पाण्याचा रेणू फोडण्याचे आहे. त्यातून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या बळावर एटीपी आणि एनएडीपीएच ही ऊर्जावाहक संयुगे तयार होतात, आणि कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा जोडण्याचे काम त्यांच्यावर चालते, ज्याला स्वतःला प्रकाशाची थेट गरज नसते. रुबेन, केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1941 साली ऑक्सिजनचे जड समस्थानिक वापरून दाखवले की, वनस्पती बाहेर सोडतात तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे, तर या फुटलेल्या पाण्यातून येतो.