ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसचे डेलिगेट मंडळ

ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस ही स्वतंत्र कंपनी नसून ऑक्सफर्ड विद्यापीठाचा एक विभाग आहे. तिला भागधारक नाहीत. तिच्या कारभारावर विद्यापीठाने नेमलेल्या प्राध्यापकांचे व संशोधकांचे 'डेलिगेट मंडळ' देखरेख ठेवते. कुलगुरू मंडळाचे पदसिद्ध सदस्य असतात, तर मंडळाचा सचिव हाच प्रेसचा मुख्य कार्यकारी अधिकारी असतो.

कार्यपद्धती

विद्वत्ग्रंथाचा प्रस्ताव संपादक प्रथम विषयतज्ज्ञांकडे पाठवतात. त्यांच्या अभिप्रायासह तो मंडळापुढे येतो. मंडळाच्या संमतीवाचून असा ग्रंथ विद्यापीठाच्या नावाने प्रसिद्ध होत नाही. आर्थिक बाबी वित्त समिती पाहते. तीत विद्यापीठाबाहेरील व्यावसायिकही असतात.

इतिहास

पहिले डेलिगेट १६३३ मध्ये नेमले गेले. कुलपती विल्यम लॉड यांच्या प्रयत्नांमुळे १६३६ मध्ये राजा पहिला चार्ल्स याने विद्यापीठाला सर्व प्रकारची पुस्तके छापण्याची सनद दिली. पुढे मंडळ सुस्तावले. स्वतः डेलिगेट असलेले विधिज्ञ विल्यम ब्लॅकस्टोन यांनी १७५०च्या दशकात हिशेब व कामकाज तपासून सुधारणा घडवून आणल्या.

शब्दकोशाचा वाद

विद्वानांच्या हाती नियंत्रण असले म्हणजे विद्वानांशी संघर्ष टळतो, असे मात्र नाही. जेम्स मरे यांच्याशी मंडळाने १८७९ मध्ये इंग्रजी शब्दकोशाचा करार केला. काम दहा वर्षांत संपेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात 'अ' पासून 'अँट' पर्यंतचा पहिला भागच १८८४ मध्ये निघाला. दरम्यान १८८३ मध्ये कुलगुरू बेंजामिन जॉवेट यांनी अवतरणे कोठून घ्यावीत, वृत्तपत्रांतील वाक्ये कितपत चालतील, अशा संपादकीय बाबींतही सूचना केल्या. मरे राजीनाम्यापर्यंत आले. अखेर तडजोड झाली आणि कोश १९२८ मध्ये, मरे यांच्या निधनानंतर तेरा वर्षांनी, पूर्ण झाला. खर्च वाढत असूनही मंडळाने तो अर्धवट सोडला नाही, हे बाजाराच्या हिशेबाने समजण्याजोगे नाही.

विसावे शतक

प्रेसची भारतीय शाखा १९१२ मध्ये मुंबईत सुरू झाली. व्यवसाय असा देशोदेशी पसरल्यावर अध्यापकांनी त्याचे नियंत्रण कसे करावे, हा प्रश्न बिकट झाला. हम्फ्री वॉल्डॉक यांच्या समितीने १९७० च्या अहवालात प्रेस विद्यापीठाचाच भाग राहावी, असे मत दिले. १९९८ मध्ये समकालीन कवितासंग्रहांचे प्रकाशन थांबवण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा करसवलत मिळणाऱ्या विद्यापीठीय प्रेसने नफ्यातोट्याचा विचार कितपत करावा, यावर ब्रिटनमध्ये जाहीर वाद झाला. निर्णय मात्र बदलला नाही.