क्लीनअपनंतर उबंटू सुरूच होत नाही? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा

लिनक्समध्ये साफसफाई करताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'बूट' फोल्डरमध्ये. काही जणांकडे हे फोल्डर वेगळ्या, छोट्या पार्टिशनवर असतं. चार-पाच कर्नल अपडेट आले की ते भरतं, 'जागा नाही' असा मेसेज येतो आणि आपण आत जाऊन मोठ्या दिसतील त्या फाइल्स उडवतो.

त्या मोठ्या फाइल्स म्हणजे 'इनिटआरडी'. डिस्क ओळखायला कर्नलला लागणारे ड्रायव्हर यातच असतात. ही फाइल गेली की कर्नल लोड होतो, पण रूट पार्टिशन त्याला सापडत नाही. मग स्क्रीनवर 'कर्नल पॅनिक'. नाव भयंकर आहे, पण तुमचे फोटो आणि प्रोजेक्ट 'होम' फोल्डरमध्ये जागच्या जागी असतात.

अलिबागच्या माझ्या मामेभावाचं हेच झालं. लास्ट इयरचा प्रोजेक्ट लॅपटॉपमध्ये, सबमिशन चार दिवसांवर आणि दुकानवाला म्हणतोय, "फॉरमॅटच मारावा लागेल." मी फोनवर म्हटलं, थांब, आधी ग्रब मेनू उघड.

मशीन चालू करताच जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरायचं, यूईएफआयवर एस्केप एकदा-दोनदा दाबायचं. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जुना कर्नल दिसला तर तो निवडा. आत शिरता आलं की 'अपडेट-इनिटरॅमएफएस'ने गेलेली फाइल नव्याने बनवा, मग 'अपडेट-ग्रब' चालवा. झालं काम.

भावाने मात्र सगळ्याच इनिटआरडी उडवल्या होत्या. अशा वेळी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा आणि 'ट्राय उबंटू' निवडा. इन्स्टॉल नाही हं! सगळ्यात आधी होम फोल्डर बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करा. मग रूट पार्टिशन माउंट करा, बूट वेगळं असेल तर तेही. 'डेव्ह', 'प्रॉक' आणि 'सिस' बाइंड करून 'सीएचरूट'ने आत शिरा आणि वरच्याच दोन कमांड चालवा. कर्नलच उडाला असेल तर तो इथूनच पुन्हा इन्स्टॉल करावा लागतो, त्याला नेट लागतं. लॅपटॉप चार्जरवर ठेवा. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

पुढच्या वेळी बूटमध्ये हाताने काही डिलीट करू नका. जुने कर्नल 'एपीटी ऑटोरिमूव्ह' काढतं आणि चालू कर्नल ठेवतं. फक्त 'येस' म्हणायच्या आधी यादी वाचा. मुख्य डिस्कवर जागा हवी असेल तर एपीटीची कॅश, जर्नलचे जुने लॉग आणि स्नॅप ॲप्सच्या जुन्या आवृत्त्या आधी बघा.