वसईतलं ‘फॉरएव्हर’

वसई किल्ल्याच्या बंदराकडच्या दरवाजात उभे राहा. आज आहे तो तट नजरेसमोरून काढून टाका. तारीख २३ डिसेंबर १५३४. समोर पोर्तुगिजांचं ‘साओ मातेउस’ गलबत नांगरलेलं आहे. मुघल बादशहा हुमायूनच्या धास्तीनं गुजरातचा सुलतान बहादूरशहा वसई, तिची बेटं आणि भोवतालचा समुद्रसुद्धा पोर्तुगालच्या राजाला देऊन टाकतो आहे. किती काळासाठी? तहाच्या इंग्रजी भाषांतरात तुम्हाला उत्तर मिळतं: ‘फॉरएव्हर’.

हे क्रियाविशेषण पूर्वी ‘फॉर’ आणि ‘एव्हर’ असं तोडून लिहीत. १६११च्या किंग जेम्स बायबलात ते तसंच आहे. देवाच्या राज्याला शोभणारा हा शब्द माणसांनी जमिनीच्या दस्तांत आणला. आपल्या सनदांतलं ‘आचंद्रार्क’ किंवा ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनं’ याच जातीचं.

आता मे १७३९मध्ये या. सुरुंगांनी तट फुटला आहे, धुळीनं डोळे चुरचुरताहेत, मराठ्यांचे सेनापती चिमाजीअप्पा यांची माणसं खिंडाराकडे धावताहेत. किती पडली ते तुम्हाला मोजवत नाही. पोर्तुगिजांचं ‘फॉरएव्हर’ इथं, २०४ वर्षांनी, संपलं.

तेवढ्यात ३१ डिसेंबर १८०२ उजाडतो. हडपसरला यशवंतराव होळकरांनी फौज मोडल्यावर पुणं सोडून आलेले पेशवे दुसरे बाजीराव इथं, वसईत आहेत. ईस्ट इंडिया कंपनीतर्फे बोलणी करणारे कर्नल बॅरी क्लोज. तहाचा मसुदा वाकून वाचा. कंपनीचं किमान सहा हजार पायदळ पेशव्यांच्या मुलखात कायम राहणार, त्याच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. तो ‘इन पर्पेच्युइटी’, म्हणजे ‘फॉरएव्हर’च, फक्त वकिली बोलीत. मैत्रीही तशीच, चिरंतन. शिवाय परराज्यांशी बोलायचं तर आधी कंपनीला विचारायचं. इथं मोहोर उमटू नये म्हणून तुमचा हात पुढे होतो. बाजीरावांना मात्र त्या घडीला गादीपलीकडचं काही दिसत नाही.

ती चिरंतन मैत्री सोळा वर्षंही टिकली नाही. ३ जून १८१८ला बाजीराव कंपनीच्या जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले. तोडून दिलेला मुलूख गेलाच होता, उरलेलाही गेला. वर्षाला आठ लाखांची पेन्शन घेऊन ते बिठूरला राहिले. १८५१मध्ये ते वारले, आणि कंपनीनं ती पेन्शन त्यांचे दत्तक पुत्र नानासाहेब यांना नाकारली.