विशाखा मार्गदर्शक तत्त्वे

नोकरीच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ रोखण्याची जबाबदारी मालकावर टाकणारे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश (13 ऑगस्ट 1997). राजस्थानातील भटेरी गावात 1992 मध्ये बालविवाह रोखू पाहणाऱ्या, सरकारी योजनेत काम करणाऱ्या ‘साथिन’वर सामूहिक बलात्कार झाला, त्यानंतर ‘विशाखा’ व इतर संघटनांनी जनहित याचिका दाखल केली (पहा : जनहित याचिका). न्या. जगदीशशरण वर्मा, सुजाता मनोहर व भूपिंदरनाथ कृपाल यांच्या पीठाने अनुच्छेद 14, 19 व 21 यांच्या आधारे निकाल दिला (पहा : मूलभूत हक्क).

नकोसा स्पर्श, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरेबाजी, अश्लील चित्रे दाखवणे हे सारे छळात मोडते. तक्रार समितीची अध्यक्ष स्त्री असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा. वरिष्ठांचे दडपण टाळण्यासाठी ही शेवटची अट कळीची.

संसदेचा कायदा होईपर्यंत सोळा वर्षे हे निर्देशच कायद्याच्या जागी होते. 2013 च्या अधिनियमाने दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत अंतर्गत समिती सक्तीची केली. घरकामगार स्त्रियाही त्याच्या कक्षेत आल्या (पहा : घरकामगार). तक्रार तीन महिन्यांत करावी लागते. समिती न नेमणाऱ्या मालकास 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे.