सुया-दोरा विकणारी हेर

आपल्याकडे सुया, पोत, बिब्बे विकायला बाई येते. ती कुणाच्याही ओसरीवर टेकते, पाणी मागते, दोन गोष्टी बोलते. तिला कोण अडवतं? अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेत अशाच एका बाईला कुणी अडवलं नाही. ती थेट सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनच्या छावणीत शिरली.

तिचं नाव अ‍ॅन बेट्स. फिलाडेल्फियातली शाळामास्तरीण. नवरा इंग्रजांच्या तोफखान्यात हत्यारं दुरुस्त करायचा, त्यामुळे कुठली तोफ केवढ्या ताकदीची हे तिला बघून कळायचं. १७७८ च्या उन्हाळ्यात ती फेरीवाली झाली. सुया, दोरे, फण्या, चाकू घेऊन तंबूतंबूतून फिरली. माल विकता विकता तोफा मोजल्या, माणसं मोजली, आणि न्यूयॉर्कला परतून इंग्रज अधिकाऱ्याला सगळं सांगितलं. अशा तिने बऱ्याच फेऱ्या केल्या. पकडली गेली असती तर फाशीच होती.

त्या वेळी अमेरिकेतल्या १३ वसाहती इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठल्या होत्या. पण गावंच्या गावं दुभंगली होती. बरेच लोक राजाच्या बाजूने राहिले. त्यांना म्हणत राजनिष्ठ. शेजारी म्हणत गद्दार. आपण स्वतः इंग्रजांशी लढलेली माणसं, त्यामुळे या राजनिष्ठांबद्दल आपल्याला चटकन माया वाटणार नाही. नको वाटू दे. पण त्यांच्या घरातल्या बायकांनी बाजू निवडली होती का, एवढं बघू या.

हॅना इनग्रॅम ही न्यूयॉर्क प्रांतातली शेतकऱ्याची पोर. बाप राजाच्या फौजेत गेला, तो सात वर्षं घरी नाही. त्यातली चार वर्षं तर काही निरोपही नाही. इकडे गावकऱ्यांनी शेत काढून घेतलं, गुरं नेली. आईने थोड्याशा जनावरांवर घर चालवलं. १७८३ मध्ये युद्ध संपलं, राजा हरला. बाप परतला तो हेच सांगत, की आता इथून जायचं, जहाज तयार आहे. हॅना तेव्हा ११ वर्षांची.

ती माणसं उत्तरेला, आजच्या कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकच्या रानात उतरली. बर्फ पडायला लागलं तरी तंबूतच. बापाने लाकडाची खोली उभी केली. तिला ना फरशी, ना खिडक्या, ना दार, ना धुराडं. फक्त छप्पर. तिथे आईने आधण ठेवलं, सगळ्यांनी पाव भाजून खाल्ला. म्हातारपणी हॅनाने ही हकिगत सांगितली, तेव्हाही तो पहिला घास तिच्या लक्षात होता.

अशी सुमारे ६० हजार माणसं देशोधडीला लागली. इंग्रजांनी दिलेल्या मुक्तीच्या शब्दावर आलेले काळे गुलामही त्यात होते. त्यांची कथा मोठी आहे, ती पुन्हा कधीतरी.

पुढे इंग्लंडच्या सरकारने नुकसानीचे अर्ज मागवले. ३,२२५ जणांनी अर्ज केले, त्यात ४६८ बायका. अनेक जणी विधवा. भांडी किती, गाद्या किती, कुठला कप कुठल्या फळीवर, हे त्या बिनचूक सांगत. पण जमीन किती, तिची किंमत काय, नवऱ्याचं कर्ज किती, असं विचारलं की अडखळत. कशा सांगणार? लग्न झालेल्या बाईची मालमत्ता तिथल्या कायद्याने नवऱ्याची. कागद त्याच्या पेटीत. सातबारा कधी हातात न धरलेल्या बाईला कुणी गुंठे विचारावेत, तसंच ते.

अ‍ॅन बेट्सनेही अर्ज केला. १७८१ मध्ये ती नवऱ्याबरोबर इंग्लंडला गेली, तिथे नवरा तिला सोडून गेला. हातात काही उरलं नाही. तिच्या अर्जात नवऱ्याची शेती नव्हती, घर नव्हतं. मी छावण्यांत जाऊन जे काम केलं त्याचा मोबदला द्या, एवढीच मागणी होती. सरकारने तिला पेन्शन दिली.