कोंबड्यांचं पोतं

हेंद्रेपाडा म्हणजे आज बदलापूर पश्चिमेची इमारतींची वस्ती. माझ्या लहानपणी तो खरोखरीचा पाडा होता. घरं थोडी, भोवती भाताची खाचरं आणि खालच्या अंगाला उल्हास नदी. घराघराच्या पडवीत खुराडं, कोपऱ्यात पालथं घातलेलं डालगं. त्या दिवसांत कोंबड्यांना खाणं विकत आणायचं असं कोणी म्हटलं असतं, तर आमच्या आजीनं त्याला वेड्यात काढलं असतं. "माणसांना पुरंना, नि कोंबऱ्यांना इकत?" असंच ती म्हणाली असती.

कोंबडीचं पोट तेव्हा ऋतूप्रमाणं भरायचं. दिवाळीनंतर भाताची झोडणी झाली की खळ्यावर सांडलेले आणि पोचट दाणे तिचे. उखळात भात सडला की कोंडा तिचा, पाखडताना सुपातून खाली पडलेली कणी पिल्लांची. पावसाळ्यात गांडुळं, नाकतोडे, उकिरड्यातल्या अळ्या. आम्ही पोरं वाळवी लागलेलं लाकूड उचलून आणायचो आणि अंगणात आपटायचो. पिल्लं त्यावर तुटून पडायची. वर्षातून तीन-चार वेळा कोंबडी अंड्यावर यायची, बारा-पंधरा घालून खुडूक बसायची. सगळी मिळून फार तर साठ अंडी. त्यातली काही उबवायला, उरलेली विकायला. तो पैसा आईचा. माझ्या दहावीच्या परीक्षेची फी त्याच पैशातून गेली.

नुकसान व्हायचं ते मुंगसानं, घारीनं आणि मानमोडीनं. मानमोडी आली की पाड्यातली खुराडी रिकामी व्हायची. सरकारी दवाखान्यात तिला राणीखेत म्हणतात, कारण 1927 च्या सुमारास आपल्या देशात ती पहिल्यांदा ओळखली गेली ती कुमाऊंच्या राणीखेतजवळ. पण खाण्यातून कोंबडी मेली, असं मात्र मी तेव्हा कधी ऐकलं नव्हतं. तिचं खाणं तिनं स्वतः उकरून काढलेलं असायचं, आणि नको ते ती टाकून द्यायची.

पोतं आलं ते पांढऱ्या लेगहॉर्नबरोबर. मुंबईजवळ आरे दूध वसाहतीत केंद्र सरकारचं कुक्कुटपालनाचं केंद्र होतं, पुण्याला खडकीत राज्य सरकारचं अंडी उबवणी केंद्र होतं. 1971 साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. 1982 साली अंडी उत्पादकांची समन्वय समिती उभी राहिली, आणि अंड्याचा भाव व्यापाऱ्याऐवजी उत्पादकांनी ठरवायला सुरुवात केली. या सगळ्यामुळं अंडं हा धंदा झाला. धंद्याची कोंबडी वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते, पण ती पिंजऱ्यात असते. तिला उकिरडा नाही, वाळवी नाही, ऊनही बेताचं. म्हणून तिला लागेल ते सगळं एका पोत्यात भरावं लागलं. निम्म्याहून जास्त मका, मग पेंड, तेल काढलेला कोंडा, शिंपल्याची किंवा चुनखडीची भुकटी, मीठ, क्षार, जीवनसत्त्वं. आधी पेंड भुईमुगाची असे आणि जोडीला सुक्या मासळीचा कुटा. पुढं मध्य प्रदेशात आणि आपल्या विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन वाढलं, तशी सोयापेंड आली.

हे खाद्य आमच्यासाठी तयार झालं नव्हतं. पण आमची खाचरं विकली गेली, खळी गेली, भात गिरणीत जाऊ लागलं आणि कोंडा गिरणीवाल्याकडंच राहू लागला. अंगणात फरशी आली. कोंबडीनं उकरायचं तरी काय? मीही बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं काढलेली गिरीराज जातीची पिल्लं आणली आणि बाजारातून पहिलं पोतं उचललं. आईनं मूठभर खाद्य हातात घेऊन हुंगलं. "वास बरा हाय," म्हणाली, आणि एवढ्यावर पसंती झाली.

पोत्यावर बरंच काही छापलेलं होतं. मला वाचता येत होतं, पण मी वाचलं नाही. वाचला फक्त भाव.

आता 2005 ची गोष्ट. त्या जुलैत माझ्याकडं साठ नग होते. वीस अंड्यावरच्या आणि चाळीस तलंगा नि कोंबडे, गटारीसाठी राखलेले. गटारीला गावठी कोंबड्याला जो भाव मिळतो तो वर्षात दुसऱ्यांदा मिळत नाही. खाद्याचा भाव वाढणार असं कळलं, म्हणून मी चार पोती एकदम आणली आणि पडवीत भिंतीला टेकून एकावर एक रचली. खाली काही घातलं नाही.

26 जुलैला उल्हासचं पाणी घरात आलं. मुंबईत सांताक्रूझला त्या दिवशी 944 मिलिमीटर पाऊस झाला, ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडं नदीनं काय केलं ते आम्हाला माहीत. कोंबड्या डालग्यांत घालून माळ्यावर चढवल्या, त्या वाचल्या. पाणी उतरलं तेव्हा खालची दोन पोती चिखल झाली होती, ती फेकली. तिसरं अर्धं भिजलं होतं. चौथं वरून कोरडं दिसत होतं. गटारी दहा दिवसांवर होती, हातात पैसा नव्हता. मी तिसरं पोतं ताडपत्रीवर पसरलं. ऊन नव्हतंच. दोन-तीन दिवसांत हात घातला तर आतून गरम लागलं, आणि हिरवट-करड्या गुठळ्या झालेल्या. गुठळ्या चाळून काढल्या आणि उरलेलं चौथ्या पोत्यात मिसळलं.

आई म्हणाली, "पोरा, ज्याचा वास आपल्याला नको, ते कोंबरीला नको घालूस."

मी म्हटलं, "आई, कोंबडी उकिरड्यातलं खाते."

पुढच्या आठवड्यात तलंगांनी खाणं टाकलं. पंख पाडून कोपऱ्यात बसू लागल्या. मग एकेक करून गेल्या. गटारीपर्यंत सतरा गेल्या. उरलेल्या हाताला इतक्या हलक्या लागत होत्या की गिऱ्हाईक उचलून पाहायचं आणि परत ठेवायचं. मी तरातरा दुकानात गेलो आणि भर बाजारात दुकानदाराला नाही नाही ते बोललो. खराब माल विकला, भेसळ केली, असं सगळं. तो बिचारा बिलबुक उघडून दाखवत राहिला की त्याच खेपेची पोती आणखी कोणाकोणाकडं गेली आणि तिथं काही झालं नाही. मी ऐकून घेतलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी मेलेली तलंग माझ्यासमोर फाडली. काळीज पिवळट, सुजलेलं. "ही मानमोडी नाही," ते म्हणाले. "खाद्य भिजलं होतं का?" मी मान खाली घातली.

त्यांनी मला जे सांगितलं ते असं. मका आणि भुईमुगाची पेंड दमट राहिली की त्यावर एक बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. 1960 साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची लाखावर पिल्लं मेली, तेव्हा त्याचा शोध लागला. कारण निघालं बाहेरून आणलेल्या भुईमुगाच्या पेंडीत. आपल्या शेजारी गुजरात-राजस्थानच्या सीमेवर, पंचमहाल आणि बांसवाडा भागात, 1974 साली बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर आदिवासी माणसं गेली. बुरशी चाळून काढली, ऊन दिलं, शिजवलं, तरी विष जात नाही. गाईला घातलं तर दुधात उतरतं. ते पुरायचं, दुसरं काही नाही.

आईनं मेलेल्या तलंगा बांधाजवळ खड्डा काढून पुरल्या. मला एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं. दुकानदाराकडं मी दुसऱ्या दिवशी गेलो. चूक माझी होती, हे जितक्या मोठ्यानं ओरडलो होतो तितक्याच मोठ्यानं सांगायला हवं होतं. मी हळू सांगितलं. त्यानं चहा मागवला. म्हणाला, "पुढच्या टायमाला एकेक पोतं न्या."

त्या एका वाक्यात खाद्य ठेवण्याचं निम्मं शास्त्र आहे. हिशेब करून पाहा. बांधून ठेवलेली अंड्यावरची कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते. वीस कोंबड्यांना दोन-अडीच किलो, म्हणजे 50 किलोचं पोतं वीस-पंचवीस दिवस. कोंबड्या बाहेर चरत असतील तर निम्म्यानंच भागतं आणि तेच पोतं दीड महिना पुरतं. पावसाळ्यात दीड महिना उघडं पोतं आमच्या हवेत टिकत नाही. पाच-सहा कोंबड्या असतील तर पोतं घेऊच नये, दहा किलो घ्यावं. सुटं घेताना दुकानदाराचं पोतं कधी उघडलं ते विचारावं आणि त्यावरची तारीख आपण वाचावी. जुन्या खाद्यातली जीवनसत्त्वं मरतात. ते दिसत नाही, पण पुढं अंडी कमी होतात.

निवडताना आधी कोंबडीचं वय पाहावं, मग भाव. भारतीय मानक ब्युरोचं कोंबडीखाद्याचं मानक आहे, आयएस 1374. त्यात पिल्लांच्या खाद्यात 20 टक्के प्रथिनं सांगितली आहेत, वाढत्या तलंगांना 16. अंड्यावरच्या कोंबडीला कवचासाठी चुना जास्त, तीन टक्क्यांच्या वर लागतो; पिल्लाला एक टक्का पुरतो. म्हणून अंड्याचं खाद्य उरलं म्हणून पिल्लांना घालू नये, त्यांचे मूत्रपिंड बिघडतात. बॉयलरच्या खाद्यात पुष्कळदा रक्ती हगवणीवरचं औषध मिसळलेलं असतं. ज्या कोंबडीची अंडी घरात खायची तिला ते नको. त्याच मानकात ओलावा 11 टक्क्यांच्या आत हवा, आणि अफ्लाटॉक्सिन अब्ज भागांत 20 भागांपर्यंतच चालतं. म्हणजे 50 किलोच्या आख्ख्या पोत्यात एक मिलिग्रॅम. मी चाळणीनं विष काढायला निघालो होतो.

ठेवायचं कसं, ते आता सांगायला नको इतकं साधं आहे. खाली फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर. आधी आणलेलं आधी संपवायचं. उघडलेलं खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात, पण आधी हात घालून ते गार आणि कोरडं आहे याची खात्री करून. दमट खाद्य घट्ट कोंडलं तर आतल्या आत घाम धरतं. नवं ओतण्याआधी पिंपाच्या तळाचं जुनं खरवडून काढायचं. उंदीर, कावळे, कबुतरं यांना खाद्याजवळ येऊ द्यायचं नाही. 2022 च्या फेब्रुवारीत आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूरच्या वेहळोलीत बर्ड फ्लू आला, तेव्हापासून मी कोंबड्यांची भांडीही छपराखाली घेतली.

27 जुलै 2019 ला पुन्हा तसंच पाणी आलं. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारभर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले, तोच तो दिवस. आई तेव्हा नव्हती. बंद पोतं माळ्यावर होतं. अर्धं पिंप पडवीत राहून गेलं होतं, ते पाण्यावर तरंगत दाराला येऊन थटलं. पाणी उतरल्यावर मी झाकण काढलं. हात घालून तळापर्यंत चाचपलं. मग मूठभर वर काढलं आणि आई घ्यायची तसा वास घेतला. कोरडं होतं. तरी दोन दिवस रोज तपासलं आणि मगच घातलं.

आता इमारतीतली माणसं गावाकडच्या जागेत चार-सहा कोंबड्या पाळतात आणि मला विचारतात, "काका, कुठल्या कंपनीचं खाद्य घेऊ?" मी कंपनी सांगत नाही. किती कोंबड्या आहेत, केवढ्या आहेत आणि पोतं कुठं ठेवणार, हे विचारतो. माझ्या स्वतःच्या पोत्यावर, आणलं त्या दिवशीची तारीख मी कोळशानं मोठ्या अक्षरात लिहितो. छापलेली तारीख बारीक असते, आणि ती न वाचायची सवय मला एकदा महागात पडली आहे.